न्ने उझोमाचं छापील मरण

आमच्या उमुनेके गावात माणसं तापानं मरतात, म्हातारपणानं मरतात, हल्ली मोटारसायकलवरूनही मरतात. पण छापून मेलेलं माणूस एकच, न्ने उझोमा. न्ने म्हणजे आई. नात्यानं ती माझी चुलतसासू, पण सगळं गावच तिला न्ने म्हणायचं. त्यात माया थोडी आणि धास्ती जास्त होती, कारण तिच्या तोंडाला लागून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

बाजारात ती सुकी मासळी विकायची. मासा उचलून नाकाला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला ती शांतपणे विचारायची, "कसला तपास चाललाय? मेलाय तो. मी स्वतः खात्री करून घेतलीय." गिऱ्हाईक ओशाळून हसायचं आणि दोन मासे जास्तच घेऊन जायचं. नवरा ओफोडिले वारल्यावर तिनं तीन मुलगे याच टोपलीवर वाढवले, तिघांची लग्नं लावली, आणि तिघींपैकी एकाही सुनेच्या हातची चव कधी कबूल केली नाही. मी गावच्या शाळेत मास्तरीण आहे म्हणून मला ती मास्तरीणबाई म्हणायची. तेही कौतुकानं नव्हे.

आमच्याकडे लढाई म्हटलं की कुठली, असं कुणी विचारत नाही. बियाफ्राची. देश फुटायला निघाला, आम्ही फुटलेल्या तुकड्यात सापडलो, आणि चहूबाजूंनी कोंडले गेलो. सगळ्यात आधी मीठ संपलं. मग आमच्या बायका नदी ओलांडून शत्रूच्या ताब्यातल्या बाजारात चोरून जायच्या आणि मीठ-मासळी घेऊन परत यायच्या. पुरुषांना ते जमण्यासारखं नव्हतं. पुरुष दिसला की कुठलं ना कुठलं सैन्य त्याला धरून न्यायचं. न्नेनं मिठाच्या अशा पुष्कळ खेपा केल्या होत्या.

ओफोडिलेच्या धाकट्या भावाची मुलगी ओबियागेली शहरात विद्यापीठात शिकवते. तिनं ठरवलं की एका बाईच्या नजरेतून लढाईवर कादंबरी लिहायची. टेपरेकॉर्डर घेऊन ती आली आणि मुक्कामच ठोकून न्नेच्या ओट्यावर बसली. न्ने मासे निवडता निवडता सांगत राहिली. पंचाईत अशी, की ओबियागेली रडायच्या तयारीनं आली होती आणि न्नेच्या लढाईत हसायलाच जास्त होतं.

सैन्यभरती करणारे दारात आले त्या दिवसाचंच घ्या. ओफोडिले कोनफळांच्या कोठाराच्या माळ्यावर लपला होता. न्ने आणि तिची सवत अदाकू, दोघींनी अंगणात फतकल मारली आणि नवरा मेला म्हणून गळा काढला. अदाकूचा गळा असा लागला की बंदूकवाले टोप्या काढून उभे राहिले. आपण किती चांगले होतो हे बायकोच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकून माळ्यावर ओफोडिलेलाही हुंदका आवरेना. तो ऐकू जाऊ नये म्हणून न्नेनं अदाकूहून मोठ्यानं रडायला सुरुवात केली, अदाकूला वाटलं ही चढाओढ करते आहे, आणि नवऱ्याच्या सुतकात दोघींचं जे भांडण जुंपलं त्याला भिऊन भरतीवाले निघून गेले. हे ऐकताना आम्ही पोट धरून हसत होतो. ओबियागेली वहीत काहीतरी गंभीर लिहीत होती.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. शाळेच्या आवारात मांडव घालून त्याचा सोहळा झाला. भावकीतले सगळ्यात वडीलधारे मझी न्वाबुएझे यांनी कोलाचं फळ फोडून पूर्वजांना पुस्तकाची ओळख करून दिली. न्नेला पुढच्या रांगेत खुर्ची होती. तिनं मुखपृष्ठावरची टोपलीवाली सडपातळ बाई बराच वेळ न्याहाळली आणि मला विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, तुम्हीच, न्ने. ती म्हणाली, "लढाईत मी रोड झाले होते हे खरं. पण एवढी पण नाही."

पुस्तक इंग्रजीत. न्नेला इंग्रजीतलं फक्त ‘लास्ट प्राइस’ येत होतं. म्हणून शाळा सुटली की मी तिच्या अंगणातल्या आंब्याखाली बसून पानापानाचं आपल्या भाषेत करून सांगायचे. आजूबाजूच्या बायका शेंगा सोलत ऐकायच्या. ओबियागेलीनं मान म्हणून सगळ्यांची खरी नावं ठेवली होती, आणि ही माया पुढे आम्हाला फार महागात पडली. कादंबरीतली उझोमा नदीकाठी थांबून चंद्राकडे पाहते आणि आयुष्याचा अर्थ शोधते, असं आलं तेव्हा न्नेनं मला थांबवलं. चांदण्यात आपण गस्तवाल्यांना दिसतो, चंद्र उगवला की आम्ही झुडपात पालथ्या पडायचो, अर्थ शोधणारी असती तर पहिल्याच खेपेला सापडली असती, असं तिचं म्हणणं पडलं. ओफोडिले छाती काढून भरतीला जातो असं पुढे आल्यावर तर बायकांना उचकी लागली. न्ने मात्र तिथे शेंगा सोलत राहिली. मेलेल्या नवऱ्याला कुणी फुकटात शूर करत असेल तर बायकोनं आडवं येऊ नये, एवढी समज तिला होती.

आणि शेवटचं प्रकरण आलं. मिठाचं गाठोडं डोक्यावर घेऊन उझोमा परत येत असते, नदीच्या उतारावर तिला गोळी लागते, आणि ती तिथेच पाण्यात मरते. लिहिलं फार सुंदर होतं.

"म्हणजे मी मेले," न्ने म्हणाली.

"कादंबरीतली उझोमा मेली, न्ने."

"ओफोडिलेची बायको, उमुनेकेची, मिठाच्या खेपा करणारी. दुसरी कोण आहे?"

मला वाटलं आता तिच्या जिभेचा पट्टा सुटणार. तसं झालं नाही. तिनं हातातल्या शेंगा सुपात ठेवल्या. "हे मरण माझं नाही," ती म्हणाली. "अदाकूचं आहे. आणि ती तर पुस्तकात कुठेच नाही."

खरंच नव्हती. इतका वेळ हसण्याच्या नादात ते आमच्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

अदाकू ओफोडिलेची पहिली बायको. तिला मूल झालं नाही म्हणून न्नेला आणलं, आणि न्नेला एकामागून एक तीन मुलगे झाले. एवढं सांगितलं की दोघींचं किती पटत असेल हे निराळं सांगायला नको. बारा वर्षांत त्यांनी एकमेकींच्या चुलीवर साधं पाणी तापवलं नाही. गाव सोडून पळायची वेळ आली तेव्हा अदाकूनं डोक्यावर भलंमोठं उखळ घेतलं. न्ने तिला सबंध वाटभर म्हणत राहिली की पोरं चालत आहेत आणि उखळ डोक्यावर बसलंय. अदाकूचं स्वयंपाकातलं हातवळण, अदाकूचं घोरणं, अदाकूची तिरकी चाल, यांवर न्ने लढाईनंतरही इतकी वर्षं बोलत आली होती. बोलली नव्हती ते तिच्या मरणाबद्दल.

आमच्यात परक्या गावी दिलेली लेक मेली की तिच्या माहेरच्या लेकी, म्हणजे त्या गावात जन्मून जिकडेतिकडे नांदणाऱ्या सगळ्या बायका, फौज करून सासरच्या दारात येतात. ‘आमच्या लेकीला कशानं मारलं?’ असं विचारतात. सासरच्यांनी उत्तर द्यायचं. ‘ऐकलं’ असं त्या म्हणाल्या की मगच रडणं आणि पुढचे विधी. अदाकूसाठी कुणीच आलं नाही. तिचं माहेर लढाईच्या वाटेतच होतं, ते उठलं ते पुन्हा बसलं नाही. देह हाती नाही, पोटी पोर नाही, विचारणारं कुणी नाही. भावकीनं नंतर पाहू म्हटलं, आणि पाहिलं नाही.

न्नेनं निरोपावर निरोप धाडून ओबियागेलीला गावी बोलावलं. ती बिचारी शहरातून फळं आणि पाव घेऊन आली. न्नेनं पाव माझ्याकडे दिला आणि तिला म्हणाली, "पुस्तकातलं माझं मरण अदाकूला परत दे."

ओबियागेलीनं फार हळुवारपणे समजावलं. कादंबरी म्हणजे जसंच्या तसं नसतं. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून कधी कधी दोन माणसांचं एक करावं लागतं.

"बारा वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात मावलो नाही," न्ने म्हणाली, "आणि तू आम्हाला एका कातडीत कोंबलंस?"

ओबियागेलीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, काकू, आता छापून झालं, पुढची आवृत्ती निघाली तर नक्की बघते. ती मुलगी मनानं चांगलीच आहे, पण छापून झालं हे वाक्य न्नेला कळण्यासारखं नव्हतं. बाजारात चुकीचा मासा गेला तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बदलून देणारी बाई ती. त्या दिवसापासून तिचं हसणं गेलं. बाजारात मासा हुंगणाऱ्यांना ती नुसती हुंगू देऊ लागली. तेव्हा मात्र आम्हाला काळजी वाटली.

यानंतर रेडिओनं घोळ घातला. आमच्याकडे दुपारी रेडिओवर मृत्यूच्या बातम्या लागतात. अमक्या गावचे तमके वारले, सगेसोयऱ्यांनी नोंद घ्यावी. त्या वेळात पंचक्रोशीत कुणी मोठ्यानं खोकत नाही. एका दुपारी त्या बातम्या संपल्या आणि लागलीच एका बाईनं गंभीर आवाजात, आमच्या भाषेत, कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. उमुनेकेची उझोमा, ओफोडिलेची बायको, गोळी लागून गेली. न्नेच्या माहेरी लोकांनी एवढंच ऐकलं आणि पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. हल्ली दरोडेखोर माजलेत, बाजारावरून येताना गाठलं असेल, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. उझोमा मासळी सोडून मिठाच्या धंद्यात कधी शिरली, एवढाच प्रश्न काहींना पडला.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरून लेकी आल्या. मोठ्या रस्त्याला उतरल्या आणि तिथूनच छाती पिटत गावात शिरल्या. न्ने मागच्या दारी भांडी घासत होती. तिनं रडणं ऐकलं, कुणाचं तरी गेलं म्हणून हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं, आणि शेजारधर्म म्हणून बाहेर येऊन त्यांच्या घोळक्यात शिरून रडू लागली. कोण गेलं हे विचारायची आमच्यात घाई करत नाहीत, रडता रडता कळतंच. तिच्या उजव्या हाताला लेकींची पुढारीण ओबिदिया चालत होती. ‘उझोमा, कशी गं गेलीस’ म्हणता म्हणता तिनं बाजूला पाहिलं आणि ती जागच्या जागी बसली ती उठेचना. न्नेनंच तिला पाणी पाजलं.

सगळा उलगडा व्हायला संध्याकाळ झाली. आधी लेकी खूश झाल्या, मग संतापल्या. मझी न्वाबुएझे यांनी भावकीच्या वतीनं माफी मागितली, ताडी आणि एक बकरा पुढे केला आणि ट्रक उभाच आहे हेही सुचवलं. लेकींनी बकरा घेतला, पण ट्रक परत पाठवून दिला.

ओबिदियाचं म्हणणं असं, की आम्ही रडत घर सोडलंय. वाटेतल्या गावांनी पाहिलंय. उचललेलं रडणं परत घरी नेत नाहीत. नेलं तर ते तिथे मरायला माणूस शोधतं. ते कुणाच्या तरी नावानं इथेच उतरवलं पाहिजे. ते कुणाचं, हे सासरच्यांनी ठरवावं, आम्ही थांबतो. आणि थांबल्या म्हणजे जेवणारच. बकरा पहिल्या रात्रीतच संपला. भावकीतल्या सुना पहाटेपासून कसाव्याचे कंद कुटत होत्या आणि मझी न्वाबुएझे डोळ्यांनी कोठारातली कोनफळं मोजत होते. शेवटी त्यांनी एक तोडगा काढला. पुस्तकातली उझोमा मेलीच आहे, तर तिच्यासाठी रडा.

"कागदाला माहेर असतं का?" ओबिदिया म्हणाली.

न्ने इतका वेळ कोपऱ्यात बसून होती. ती उठली. "रडायचंच आहे ना, मग अदाकूसाठी रडा," ती म्हणाली. "तिला विचारायला कुणी आलं नाही. तुम्ही विचारा."

लेकींत गलका झाला. अदाकू आमच्या गावची नव्हे. त्यातून सवत. ओबिदियानं तर कंबरेवर हात ठेवले. "माहेरी आलीस की रात्र रात्र तिच्या नावानं बोटं मोडायचीस. आता आम्ही तिच्यासाठी रडायचं?"

"म्हणून तर सांगते," न्ने म्हणाली. "तुम्हाला ती पुरती माहीत आहे. परक्या बाईसाठी थोडंच रडायचंय?"

लेकी एका बाजूला जाऊन बराच वेळ कुजबुजल्या आणि परत येऊन म्हणाल्या की ठीक आहे, पण करायचं तर सगळं रीतीनं. मुलांना बोलवा.

सकाळपर्यंत न्नेचे तिन्ही मुलगे आपापल्या गावाहून आले. थोरला अनायो टायरचा व्यापारी, दारातून आत येताना आडवा व्हावा असा देह. ओबियागेलीही तांदळाची पोती घेऊन आली. लेकींनी तिला नमस्कारही करू दिला नाही, घरची पोर म्हणून सरळ पाण्याला लावलं. विद्यापीठातली बाई डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या फेऱ्या घालत होती. तिचा टेपरेकॉर्डर कुठे दिसला नाही, आणि मला ती त्या दिवशी पहिल्यांदा फार आवडली.

अंगणात चटया पडल्या. एक विचारणाऱ्यांची, एक सासरच्यांची, आणि एक मेलेलीच्या लेकरांची. रीत म्हणून तीही अंथरली. ती मोकळीच राहणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिच्याकडे बघायचं सगळेच टाळत होते.

ओबिदिया उभी राहिली. "आमच्या लेकीला, अदाकूला, कशानं मारलं?"

मझी न्वाबुएझे घसा खाकरून उठले. लढाईचा तो काळ मोठा कठीण होता, असं त्यांनी सुरू केलं.

"तुम्ही बसा," न्ने म्हणाली. "तुम्ही त्या काळात माळ्यावर होता. माझ्या नवऱ्याच्या शेजारी."

पुरुषांतही हशा पिकला. मझी बसले, आणि बाईनं उत्तर द्यावं का हा प्रश्न मग कुणी काढला नाही.

न्ने उभी राहिली. "तुमच्या लेकीला मिठानं मारलं," ती म्हणाली. "माझी पोरं उपासमारीनं सुजली होती. केस तांबडे झाले होते, रडायचीसुद्धा बंद झाली होती. त्या खेपेला जायची पाळी माझी. मी तापानं पडले होते, तरी उठले. ती म्हणाली, तू वाटेत मरशील आणि ही तुझी ध्यानं माझ्या गळ्यात पडतील, झोप तू. असंच म्हणाली. तिला गोड बोलता येत नव्हतं. येताना नदीवर गोळी लागली. बरोबरच्या बायकांनी मीठ आणलं, तिला आणता आलं नाही. ते मीठ आम्ही खाल्लं. पोरं पुन्हा रडायला लागली."

मी पदरानं डोळे पुसत होते. बाजूला ओबियागेली हंडा खाली ठेवायचा विसरून तशीच उभी होती.

"ऐकलं," ओबिदिया म्हणाली. मागून सगळ्या लेकी एका आवाजात म्हणाल्या, ऐकलं.

आता रडायचं. पण आमच्यात मेलेल्या बाईला तिच्या नावानं हाक मारत नाहीत, अमक्याची आई म्हणून मारतात. निपुत्रिकेला नुसतं नाव घेऊन हाकारतात आणि ते रडणं चटकन आटोपतं. ओबिदियाला सगळं ठाऊक होतं, तरी रीत होती म्हणून तिनं आवाज खाली घेऊन विचारलं. "तिला लेकरं किती?"

"तीन," न्ने म्हणाली.

आणि मुलांकडे वळून म्हणाली, "उठा. तिकडे जाऊन बसा."

अनायोनं आईकडे पाहिलं. मग तो आपला एवढा मोठा देह सावरत उठला, अंगण ओलांडून गेला आणि मोकळ्या चटईवर मांडी घालून बसला. मागोमाग दोघे धाकटे गेले. न्ने सासरच्यांच्या चटईवर एकटीच राहिली आणि तोंडात पदराचा बोळा घालून रडू लागली. ओबिदियानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, नदीच्या दिशेला तोंड केलं, आणि अनायोच्या आईला पहिली हाक मारली.